मनीचं निव्वळ वजन

दिवाळीतल्या पाडव्यानंतरचा रविवार, सातारा. तीन किलो सहाशे चाळीस ग्रॅम. हजर: माझी थोरली बहीण आक्का, माझी बायको सुनंदा, आक्काच्या शेजारचा पिठाच्या गिरणीवाला आणि मी. देणार आक्का, घेणार मी. दिली-घेतली ती मनी, आक्काची तेरा वर्षांची मांजर.

वजन गिरणीतल्या काट्यावर केलं. आधी रिकामा पत्र्याचा डबा, मग मनीसकट डबा, मग वजाबाकी. मनी डब्यात उतरली आणि तिथंच बसून राहिली. दळण घेऊन आलेल्या बायका बघत होत्या. बाहेर काढली तेव्हा तिच्या काळ्या पाठीवर पिठाचा पातळ थर होता. सुनंदानं तो पदरानं झटकला. मी म्हणालो, "पिठाचे चार-पाच ग्रॅम धरायचे का?" आक्का वॉकरला धरून दारात उभी होती. ती म्हणाली, "पीठ सोडलं तुला. मांजर मात्र पुरतं मोजून परत पाहिजे."

ती हसली नाही. हिशेबाच्या बाबतीत आक्का हसत नाही. तिनं जन्मभर शाळेत गणित शिकवलं, आणि त्यातली काही वर्षं त्या वर्गात मीही होतो.

ही गोष्ट गेल्या वर्षीची. यंदाचा हंगाम आता सुरू झालाय. साखर कारखान्याचा भोंगा वाजला, चिमणीनं धूर सोडला, आणि वसाहतीतल्या दोऱ्यांवरचे कपडे बायकांनी न बोलता आत घेतले, कारण आता चार महिने वरून काजळी पडणार. सकाळी दार उघडलं की उकळत्या रसाचा गोड वास येतो आणि त्याच्या खालून मळीचा आंबूस वास. मी या कारखान्याच्या वजनकाट्यावर बसतो. इतके हंगाम बसलो, दर वेळी भोंगा वाजला की अंगात ऊब यायची. आता येत नाही. आता भोंगा वाजला की पायांना चैन पडत नाही. उगाच दारापर्यंत जातो, परत येतो. मनी अशीच चालायची.

आक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं, वॉकर सुटेपर्यंत पायात घुटमळणारं जनावर घरात नको, नाहीतर दुसरा गुडघाही आमच्याकडेच आणाल. म्हणून ठरलं की कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मनी आमच्याकडे सांगली जिल्ह्यात राहील. आक्काची अट एकच. दर रविवारी वजन करायचं आणि फोनवर सांगायचं. "बरी आहे, खातेय, असलं सांगू नकोस," ती म्हणाली. "आकडा सांग."

माझं काम तसं सोपं आहे. ऊस भरलेला ट्रॅक्टर काट्यावर येतो, वजन होतं. ऊस चरकाकडं सरकवणाऱ्या गव्हाणीत रिकामा करून तोच ट्रॅक्टर परत काट्यावर येतो, पुन्हा वजन होतं. दोन्हींतला फरक तो निव्वळ ऊस. तिथं हळहळ नाही, अंदाज नाही. पण आमच्या त्या मोठ्या काट्याला दहा किलोंच्या खालचं काही दिसतच नाही. मनी त्याच्यावर दिवसभर बसली असती तरी त्यानं शून्यच दाखवलं असतं. म्हणून दर रविवारी भाजीच्या झाकणाच्या टोपलीत तिला घालून मी फाटकाबाहेरच्या चौगुले अण्णांच्या किराणा दुकानात न्यायचो.

अण्णा जैन. दुकानात अंडंसुद्धा ठेवत नाहीत. मांजर काट्यावर ठेवायला त्यांनी ना म्हटलं नाही, फक्त खाली त्यांचं स्वतःचं फडकं घातलं आणि फडक्याचं वजन आधी शून्य करून घेतलं. पहिल्या रविवारी मी खिशातून दोन किलोंचं लोखंडी वजन काढून त्यांचा काटा तपासला, तेव्हा मात्र ते बघतच राहिले.

"आवं सायेब, माझ्या काट्यावर संशय व्हय?"

"तुमच्यावर नाही हो. बहिणीला आकडा सांगायचाय."

"मग बराबर हाय. बहिणीला खोटं सांगून चालत न्हाई."

तीन किलो पाचशे ऐंशी. पुढच्या रविवारी तीन किलो चारशे नव्वद. मी म्हणालो, जागा बदलली, पाणी बदललं, थोडी घट येणारच. नव्या घरात माणसाचीही भूक मरते. पण मनीची भूक मेली नव्हती, हाच घोळ होता. सुकट-भात संपवून ती ताटलीभोवती फिरायची. कोंबडीचं पाणी, भाकरीचा कुस्करा, दूध, सगळं जायचं. एकदा तिनं माझ्या ताटातली चपाती उचलून पलंगाखाली नेली. सुनंदा म्हणाली, "हिच्या पोटात तुमची गव्हाण आहे बघा. कितीबी टाका, पुढं सरकतंच. वन्संनी उपाशी ठेवली होती की काय हिला?"

आणि ती चालायची. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून मोरीपर्यंत, परत दार. मध्ये थांबून घोगऱ्या आवाजात ओरडायची, जसं कुणाला तरी विचारते आहे. बादलीत तोंड घालून खूप वेळ पाणी प्यायची. सुनंदानं तिला उचललं की म्हणायची, "हिच्या छातीत हात लावा जरा." मी हात लावला होता. लांबच्या मळ्यात पाण्याचं इंजिन चालावं तशी धडधड होती, एकसारखी, दम न घेणारी. आम्ही म्हणालो, घाबरली आहे. परकं घर आहे.

तोडलेला ऊस थांबत नाही. फडात उभा असतो तोवर त्याचं वजन त्याचं असतं. तोडून ट्रॉलीत रचला की उन्हानं तासातासाला हलका होतो. म्हणून कारखान्याच्या आवारात गाड्यांची रांग लागली की शेतकऱ्याच्या जिवाला घोर लागतो. तो चहा पितो, टायरवर लाथ मारतो, रांगेच्या पुढं जाऊन येतो, आणि शेवटी माझ्या खिडकीशी येतो. "सायेब, नंबर कवा यायचा वो? माल वाळाय लागलाय." इतकी वर्षं मी मान वर न करता 'येईल, येईल' म्हणत आलो. गेल्या हंगामात मी मान वर करून बघायला लागलो. त्यांच्या मागं उसाची मोळी दिसायची आणि मला तिची पानं नव्हे, मनीची पाठ दिसायची. पाठीचे मणके आता बोटाला लागत होते.

मी रविवार सोडून अधल्यामधल्या वारीही अण्णांकडं जाऊ लागलो. सकाळी एकदा, कामावरून येताना एकदा. कधी वीस ग्रॅम वर, कधी तीस खाली. पाणी प्याली असेल, शी झाली नसेल, असा मी हिशेब मांडायचो. रांगेतले ट्रॅक्टरवाले टोपली ओळखायला लागले. "सायेब, मांजराचा उतारा किती लागला औंदा?" एकानं विचारलं. टनाला साखर किती निघते त्याला उतारा म्हणतात. बाकीचे हसले, मीही हसलो. अण्णांनी मात्र टोपलीचं झाकण स्वतः लावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "रोज रोज वजन करून ऊस जड होत न्हाई, सायेब. डाक्टरला दावा."

आमच्या भागातले डॉक्टर गाईम्हशींचे. मांजर त्यांच्याकडं वर्षातनं एखादं येतं. त्यांनी तरीही नीट बघितलं, सुनंदानं टॉवेलात गुंडाळून धरलेल्या मनीच्या पायातून रक्त काढलं, नळीवर चिकटपट्टी लावली आणि म्हणाले, "किडनीचं आणि थायरॉईडचं बघू. म्हातारं मांजर आहे. मिरजेला लॅबमध्ये देऊन या, आणि आकडे आले की मला फोन करा."

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. एका गल्लीत इतक्या लॅब की वासानंच माणूस आजारी पडावा. मी नळी बर्फाच्या थर्मासात ठेवून नेली होती. खिडकीतल्या मुलीनं नाव विचारलं.

"मनी."

"आडनाव?"

"मांजर आहे हो ते."

"सर, सॉफ्टवेअरमध्ये मांजर नाही. आडनाव टाकल्याशिवाय पुढं जात नाही."

"मग माझंच टाका. जगताप."

"वय?" "तेरा." "मेल, फिमेल?" "फिमेल."

संध्याकाळी कागद हातात आला. वरच्या ओळीत छापलं होतं: कुमारी मनी जगताप, वय १३, स्त्री. घरी आणून मी तो सुनंदाला वाचून दाखवला. आम्हाला दोन्ही मुलगेच. ती डोळ्याला पदर लावून हसली. "लेक पाहिजे होती, मिळाली. आता हिच्या लग्नाचं बघा." शेजारणीला बोलावून दाखवला. दुसऱ्या दिवशी काट्याच्या खोलीत सगळ्यांनी वाचला. त्या काळजीच्या दिवसांत तेवढीच एक ओळ हसण्यासारखी होती.

डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते कुठल्यातरी गोठ्यात होते. मागं गाय हंबरत होती. "माझा हात अडकलाय," ते म्हणाले. "ठळक अक्षरात काय आलंय तेवढंच वाचा." ठळक अक्षरात क्रिएटिनिन होतं, एक पॉइंट सहा. शेजारी हद्द छापली होती, एक पॉइंट एकपर्यंत. "बाकी?" त्यांनी विचारलं. मी कागदावरून नजर खाली नेली. थायरॉईडची ओळ साध्या अक्षरात होती, हद्दीच्या आत. म्हणालो, "बाकी सगळं नॉर्मल."

"मग किडनी जरा दमलीय. वयच आहे. मासे-मटण बंद करा, भात-दूध द्या, पाणी भरपूर. पुढच्या महिन्यात बघू."

मी सांगितल्याप्रमाणे वागणारा माणूस आहे. सुकटीचा डबा माळ्यावर गेला. कोंबडी बंद. मनी भाताची ताटली हुंगायची, माझ्याकडं बघायची आणि ओरडत घरभर फिरायची. सुनंदानं एकदा चोरून वाळल्या कोळंबीचे दोन सोडे टाकले तर मी तिला बोललो. "रिपोर्ट काय म्हणतो? किडनी." ती म्हणाली, "रिपोर्टला भूक लागत नाही." आणि उठून आत गेली.

तीन किलो दोनशे. तीन किलो दहा. दोन किलो आठशे चाळीस. त्या शेवटच्या आकड्याला अण्णांनी काट्याकडं नाही, माझ्याकडं बघितलं. "आमच्यात उपास धरतात, पण समजून उमजून," ते म्हणाले. "हिला कुणी विचारलं व्हय?"

खोटं वजन मी कधीच सांगितलं नाही. पण त्या रविवारी फोन केला नाही. सोमवारी करू म्हटलं. सोमवारी आक्काचाच आला.

"अरे दिल्या, कालचा आकडा."

सांगितला. पलीकडं वॉकर फरशीवर घासल्याचा आवाज आला, म्हणजे ती उठून खुर्चीत बसली असणार.

"खाते का?"

"खायला मागते. सारखी मागते. खूप खायची, तेव्हाही उतरतच होती. फिरते, ओरडते. छातीत धडधड आहे."

"मी बत्तीस वर्षांची असताना काय होत होतं मला, आठवतं का तुला? तू लहान होतास."

आठवलं. आक्का सहा भाकऱ्या खायची आणि तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. वर्गात खडू धरलेला हात थरथरायचा. आई मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायची. लोक म्हणायचे, मास्तरीणबाईंना क्षय झालाय. शेवटी गळ्यातली गाठ निघाली. थायरॉईड. ती ग्रंथी शरीराला दामटत होती, खाल्लेलं सगळं जाळून टाकत होती.

"तो कागद काढ," आक्का म्हणाली. "वरपासून वाच. काही गाळू नकोस."

वाचला. कुमारी मनी जगताप, वय तेरा, या ओळीलाही ती हसली नाही. थायरॉईडच्या ओळीपाशी आलो. "नऊ पॉइंट आठ. नॉर्मल आहे. हद्द बारापर्यंत दिलीय."

"नॉर्मल कुणाचं?"

"म्हणजे?"

"वर वाचलंस ना आत्ता. तेरा वर्षांच्या मुलीचं नॉर्मल आहे ते. मांजराचं किती?"

आजही भोंगा वाजला की मला तो क्षण आठवतो. फोन कानाला, कागद हातात, मनी पायाशी ओरडते आहे. भरलेल्या ट्रॅक्टरातून मी कुणा दुसऱ्याच रिकाम्या ट्रॅक्टरचं वजन वजा केलं होतं. आकडा खरा, वजाबाकी खरी, निव्वळ वजन खोटं. आणि ज्या ओळीवर सगळी वसाहत हसली, तीच ओळ आम्हाला ओरडून सांगत होती की पुढच्या सगळ्या हद्दी मनीच्या नाहीत.

डॉक्टरांना लगेच लावला. या वेळी मागं गाय नव्हती. ते म्हणाले, "परत वाचा. नऊ पॉइंट आठ? अहो, मांजराचं चार-साडेचारच्या आत पाहिजे. तुम्ही बाकी नॉर्मल म्हणाला होता."

"कागदावर तसं होतं."

"कागद माणसाचा आहे हो." मग म्हणाले, "मीही सगळे आकडे विचारायला पाहिजे होते. क्रिएटिनिन एक पॉइंट सहा मांजराला चालतंय. ते मासे-मटण आजच्या आज सुरू करा. मांजरं बघणारा माझा एक मित्र आहे, त्याला विचारून गोळी सांगतो."

मी फोन ठेवायच्या आत सुनंदानं माळ्याला शिडी लावली होती.

गोळी माणसांचीच निघाली, औषधाच्या दुकानात मिळणारी. तिचा छोटा तुकडा सोड्यात लपवून सकाळ-संध्याकाळ द्यायचा. मनी सोडा खायची आणि तुकडा जमिनीवर ठेवून द्यायची, व्यवस्थित, बाजूला काढून. मग सुनंदानं तो कोंबडीच्या काळजात दाबायला सुरुवात केली. हळूहळू घरातला आवाज कमी झाला. एका दुपारी मी जेवायला आलो आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. बघितलं तर मनी खिडकीत झोपली होती. आल्यापासून तिला दिवसा झोपलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मी दोनदा जवळ जाऊन पोट हलतंय का बघितलं.

दोन किलो नऊशे. तीन किलो वीस. अण्णांनी एका रविवारी फडक्याचे ग्रॅम शून्य करायच्या आधीच "वाढलीया" म्हणून सांगून टाकलं.

पण पुन्हा रक्त काढलं तेव्हा थायरॉईड उतरलं होतं आणि क्रिएटिनिन दोन पॉइंट एकवर चढलं होतं. डॉक्टरांनी समजावलं, थायरॉईड रक्त जोरानं पळवत होतं तोवर किडनीचं दुखणं झाकलेलं होतं. आता सगळं संथ झालं तर ते उघडं पडलं. गोळी वाढवली तर वजन राहील पण किडनी दमेल, कमी केली तर किडनीला बरं पण अंग जळेल. तागडीची दोन पारडी. एक उचललं की दुसरं खाली. मी विचारलं, "मग बरोबर मधोमध कुठं?" ते म्हणाले, "दर महिन्याला शोधायचं."

पट्टा पडला. शेवटची गाडी काट्यावरून गेली, तिला फुलांचा हार होता. दुसऱ्या दिवशी आम्ही मनीला घेऊन साताऱ्याला गेलो. तोच गिरणीवाला, तोच डबा. तीन किलो एकशे ऐंशी.

"चारशे साठ ग्रॅम कमी," आक्का म्हणाली. ती आता काठीवर आली होती. तिनं मनीला छातीशी धरलं आणि तिच्या बरगड्यांवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली, जणू काही मोजते आहे. मग म्हणाली, "दिल्या, चारशे साठ ग्रॅम तुझ्याकडून येणं आहे. सोडणार नाही मी." आणि या खेपेला ती हसली.

उन्हाळ्यात, पावसाळ्यात आकडे तिकडून येऊ लागले. दर रविवारी आक्का सांगायची आणि मी ऐकायचो. तीन किलो दीडशे. तीन किलो एकशे साठ. रोजचा भाजीभाव ऐकावा तसं मी ऐकायला शिकलो. दसऱ्यानंतर ते उतरू लागले. तीन किलो दहा. दोन किलो आठशे नव्वद. क्रिएटिनिन तीन पॉइंट चार. ज्या आठवड्यात आमचा भोंगा वाजला त्या आठवड्यात आक्काचा फोन आलाच नाही. मी सोमवारपर्यंत वाट बघितली. सोमवारी मीही केला नाही. आकडा सोमवारवर ढकलायचा हक्क तिलाही होता.

गेल्या रविवारी बदली माणूस देऊन मी आणि सुनंदा साताऱ्याला गेलो. पिशवीत नवा इलेक्ट्रिक काटा होता, ग्रॅमपर्यंत दाखवणारा, आणि बिनहाडाची कोंबडी, दुकानात माझ्यासमोर मोजलेली.

आक्काचा जुना वॉकर कोपऱ्यात होता. त्याच्या चार पायांच्या मध्ये गोधडीवर मनी झोपली होती. हल्ली ती तिथंच झोपते, आक्का म्हणाली. मी काटा टेबलावर ठेवला, तार खोचली.

"तो ठेव पिशवीत."

"आज रविवार आहे, आक्का."

"माहीत आहे. आज मनीचं वजन करायचं नाही. ज्याचं उत्तर आधीच फळ्यावर लिहिलंय ते गणित कशाला सोडवायचं?" मग तिची नजर पिशवीतल्या दुसऱ्या पुडक्यावर गेली. "त्यात काय आहे?"

"येणं होतं ना तुझं."

तिनं काटा परत चालू करायला लावला. "हे मात्र मोजू. पिशवी वजा केलीस का?"

"केली."

मोजलं. आकडा बरोबर होता. सुनंदानं ते मीठ न घालता उकडलं, गार केलं, बोटानं कुस्करून ताटलीत वॉकरपाशी ठेवलं. मनी उठली. चालताना तिचे मागचे पाय थोडे फाकत होते, पण ती थेट आली. मी दारापर्यंत गेलो, परत आलो. पुन्हा गेलो.

"बस रे, दिल्या," आक्का म्हणाली. "काटा बंद आहे."

बसलो. मनी खाऊन माझ्या मांडीवर आली. तिच्या छातीवर हात ठेवला. धडधड आता संथ होती, थांबत थांबत चालणारी. ती हातात किती भरते ते मला सांगता आलं नाही, आणि मी अंदाजही केला नाही.

रविवार, सातारा. चारशे साठ ग्रॅम कोंबडी, बिनहाडाची, अळणी. हजर: आक्का, सुनंदा, मी. देणार मी, घेणार मनी. तिनं त्यातले तीन घास खाल्ले. उरलेलं आक्कानं झाकून ठेवलं, आणि सगळं फिटलं म्हणाली.